देवळ्यात बसून मॉडेल रेल्वे उभारायची, तर सामान ऑनलाईन घ्यायचं की हॉबी शॉपमधून?

देवळा तालुक्यातून रेल्वेचा एकही रूळ जात नाही. गाडी पकडायची तर मनमाड, लासलगाव, नाहीतर थेट नाशिकरोड गाठावं लागतं. तरी या भागाला रेल्वे परकी नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल सुटली ती याच जिल्ह्यातल्या देवळालीहून, बिहारमधल्या दानापूरला. (देवळा वेगळं, देवळाली वेगळं. ऑनलाईन पत्ता भरताना हा फरक पिनकोडसकट नीट लिहिलेला बरा, नाहीतर पार्सल जिल्हाभर फिरून येतं.)

आता रोजच्या स्क्रोलिंगमध्ये कुणाच्या तरी घरातल्या टेबलावर धावणाऱ्या छोट्या रेल्वेचं रील समोर येतं. हुबेहूब इंजिन, डोंगर, बोगदा, सिग्नल. बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे मिळतं कुठे? दुसरा लगेच येतो, केवढ्याला? आणि मग सर्च केल्यावर एकाच पानावर काही शे रुपयांचा 'ट्रेन सेट' आणि पंधरा-वीस हजारांचं नुसतं इंजिन शेजारी शेजारी दिसतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला निदान एखाद्या हॉबी शॉपमध्ये जाऊन डोळ्यांनी बघता येतं. तालुक्याच्या गावातून तो पर्याय म्हणजे एक दिवस आणि प्रवासखर्च. म्हणून 'सरळ ऑनलाईन मागवा' हा सल्ला देवळ्यात सगळ्यात आधी मिळतो. तो पूर्ण चूक नाही, पण तो ऐकून पहिल्याच खरेदीत अडकणाऱ्यांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. वस्तू खराब नसते, ती दुसऱ्या वस्तूशी जुळत नसते.

आधी स्केल आणि गेज, मग 'बाय नाऊ'

खेळण्यातली गाडी आणि मॉडेल रेल्वे यांत मुख्य फरक प्रमाणाचा. मॉडेल रेल्वे ठरलेल्या स्केलमध्ये बनते. जगात सर्वात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७. रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. ब्रिटनमध्ये ओओ चालतं. त्याचं गेजही १६.५ मिलिमीटरच, पण गाडीचं प्रमाण १:७६. म्हणजे ओओचं इंजिन एचओच्या रुळावर मजेत धावतं, पण त्यामागे एचओचा डबा लावला की इंजिन जरा जास्तच धष्टपुष्ट दिसतं. तिसरं लोकप्रिय स्केल एन. ते १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर. त्यातही मेख आहे. ब्रिटिश एन १:१४८ असतं आणि जपानी एन बहुधा १:१५०.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण घरात जागा किती, यावरून स्केल ठरतं, आणि स्केल ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. एक साधा हिशोब करून बघा. आपल्या लाल एलएचबी डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर. एचओमध्ये तो डबा २७ सेंटिमीटरचा होतो. बावीस डब्यांची अख्खी एक्स्प्रेस करायची म्हटली तर नुसते डबेच सहा मीटरच्या आसपास जातात. देवळ्यातल्या ऐसपैस वाड्यातही एवढी सरळ भिंत मिळेलच असं नाही. एनमध्ये तोच डबा पंधरा सेंटिमीटरच्या आत बसतो आणि तीच गाडी सव्वातीन मीटरवर येते. म्हणून बहुतेक लोक चार-पाच डब्यांवर समाधान मानतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

भारतीय गाडी हवी असणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी वेबसाईटवर कुणी सांगत नाही. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजचं छोटं रूप आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. तसा तयार रूळ बाजारात सहजी मिळत नाही. त्यामुळे भारतीय इंजिनांची एचओ मॉडेल्सही १६.५ च्याच रुळावर चालवली जातात, म्हणजे डबा बरोबर आणि रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. समोरून बघितलं की जाणकाराला खटकतं, बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही. गंमत म्हणजे नॅरोगेजवाल्यांचं जास्त सोपं आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळावर धावायची. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे जवळजवळ एन स्केलचाच रूळ. जगभरातले नॅरोगेजचे हौशी लोक हीच युक्ती वापरतात.

ऑनलाईन लिस्टिंग वाचायचं कसं?

भारतीय ई-कॉमर्स साइटवर 'ट्रेन सेट' म्हणून दिसणाऱ्या वस्तूंत बहुतांश बॅटरीवरची प्लॅस्टिकची खेळणी असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ती उत्तम. पण त्यांच्या रुळांचं माप ठरलेलं नसतं, आणि एका कंपनीचा रूळ दुसऱ्या कंपनीला लागत नाही. पुढे वाढवायचा विचार असेल तर तिथे सुरुवात करून उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे. वर्णनात एचओ, ओओ किंवा एन हे स्केल आणि गेज मिलिमीटरमध्ये दिलेलं नसेल, तर ते खेळणं समजावं. वीज कशी मिळते तेही बघा. मॉडेल रेल्वेत इंजिनाला वीज सहसा रुळांतूनच मिळते, खेळण्यात सेल इंजिनाच्या पोटात असतात.

खऱ्या मॉडेलच्या लिस्टिंगमध्ये चार गोष्टी तपासायच्या असतात.

पहिली, विजेची पद्धत. साधी पद्धत डीसी. रुळांत १२ व्होल्टपर्यंत वीज सोडायची, ती कमी-जास्त केली की वेग कमी-जास्त होतो. दुसरी पद्धत डीसीसी. यात प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाची चिप असते आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीच्या एचओ गाड्यांची तऱ्हा तिसरीच आहे. त्यांच्या रुळाच्या मधोमध विजेचे छोटे खिळे असतात आणि दोन्ही रूळ मिळून दुसरं टोक होतं. त्यांची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसतात, म्हणून तो डबा साध्या दोन-रुळी ट्रॅकवर ठेवला की शॉर्ट सर्किट होतं. सेकंडहँड बाजारात स्वस्त मार्क्लिन दिसलं की अनेकांचा हात तिकडे जातो. घ्या, पण मग सगळंच मार्क्लिन घ्या.

दुसरी, ट्रॅकची जात. खडीसारख्या प्लॅस्टिकच्या पायावर बसवलेले तयार रूळ नवख्याला सोयीचे असतात, जमिनीवरही चालतात. पण जपानच्या काटोचा युनिट्रॅक आणि बाखमनचा ई-झी ट्रॅक एकमेकांना थेट जोडत नाहीत. नुसत्या रुळांतही कोड १००, कोड ८३, कोड ७५ असे प्रकार असतात. तो आकडा रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतो. कोड १०० म्हणजे अडीच मिलिमीटर. वेगवेगळे कोड जोडायला खास जोडपट्ट्या लागतात.

तिसरी, कपलिंग, म्हणजे डबे जोडणारा हूक. अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय गाड्यांचे हूक वेगवेगळे. ते बदलता येतात, पण बदलायचे म्हणजे आणखी एक ऑर्डर.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे, पॉवर सप्लाय. अमेरिकन सेटसोबत येणारा अडॅप्टर अनेकदा फक्त १२० व्होल्टसाठी असतो आणि जपानी १०० व्होल्टसाठी. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट. नुसती पिन बदलणारं कन्व्हर्टर लावून असा अडॅप्टर भिंतीत खुपसला तर तो जळतो, आणि नशीब वाईट असेल तर कंट्रोलरलाही घेऊन जातो. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असेल तरच तो लावायचा.

परदेशातून मागवलं तर खरी किंमत किती?

स्क्रीनवर दिसते ती किंमत म्हणजे अर्धी गोष्ट. मॉडेल रेल्वे, तिचे रूळ आणि सिग्नल हे कस्टम्सच्या वर्गीकरणात खेळण्यांच्या ९५०३ या गटात येतात. भारतीय खेळणी उद्योगाला आधार म्हणून सरकारने या गटाचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यावर आयजीएसटी लागतो.

उदाहरणापुरतं धरू की इंजिन आणि त्याचा कुरिअर खर्च मिळून १०,००० रुपये झाले. ७० टक्के शुल्काने रक्कम १७,००० होते. त्यावर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे ३,०६०. एकूण २०,०६० रुपये. कुरिअर कंपनीचा कागदपत्रांचा आकार आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क अजून बाकीच. पार्सल वैयक्तिक आयात म्हणून सोडवलं तर वेगळा दर लागू शकतो, आणि दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर तपासावा. पण मनात धरायचं ते हेच की परदेशी वस्तू घरात येईपर्यंत दुप्पट होऊ शकते. 'दुकानदाराने दुप्पट लावले' असं म्हणण्याआधी हा हिशोब एकदा मांडून बघावा. त्याने आणलेल्या मालावरही शुल्क भरलेलं असतं.

'पाकिटावर गिफ्ट लिहायला सांगा, कस्टम लागत नाही' हा सल्ला अजूनही फिरतो. तो कालबाह्य आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती आणि तिचा ऑनलाईन खरेदीसाठी सर्रास गैरवापर व्हायचा. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने टपाल-कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून करमुक्त माल आणणं बंद केलं. अपवाद राहिला तो फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. अमेरिकेतल्या मावसभावाने खरोखर प्रेमाने पाठवलेल्या इंजिनालाही आता शुल्क भरावं लागतं. चुकीची घोषणा केली तर पार्सल अडकतं, दंडही होऊ शकतो.

आणखी एक नियम. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र, म्हणजे आयएसआय मार्क, सक्तीचं झालं. प्रौढ हौशींसाठीचं मॉडेल आणि मुलांचं खेळणं यांतली रेषा बॉक्सवरच्या वयाच्या शिक्क्यावर येऊन ठरते. मुलांसाठीचे परदेशी स्टार्टर सेट दुकानात मांडायचे तर आता परदेशी कारखान्याने भारतीय परवाना घेतलेला हवा. लहान दुकानदाराच्या हातात ते नाही.

मग दुकान विकतं काय?

माल तर ऑनलाईनही मिळतो. हॉबी शॉपमध्ये मिळतो तो काउंटरवरचा दीड-दोन मीटरचा रूळ. इंजिन बॉक्समधून काढून त्यावर ठेवायचं आणि पुढे-मागे चालवून बघायचं. सगळ्यात मंद वेगात ते अडखळतं का, दिवे लागतात का, मोटर करकरते का, हे दोन मिनिटांत कळतं. ऑनलाईन घेतलेलं इंजिन घरी आल्यावर तपासायचं तर आधी घरात रूळ आणि कंट्रोलर हवा. पहिल्या खरेदीत अनेकदा नेमकं तेच मागून येणार असतं, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते. म्हणून ऑनलाईन घेणाऱ्याने रूळ आणि कंट्रोलर आधी मागवावेत, इंजिन नंतर. एवढा क्रम पाळला तरी अर्धा धोका टळतो.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. चार रेल जॉइनर, एक चाकांची जोडी, चिमूटभर ग्रीस. या वस्तूंची किंमत किरकोळ, पण ऑनलाईन त्या अख्ख्या पाकिटात घ्याव्या लागतात आणि वर डिलिव्हरीचे पैसे. चांगला दुकानदार डबीतून मोजून देतो.

आणि तिसरी, दुकानदार कधीकधी 'नाही' म्हणतो. फूट-दीड फुटाच्या वळणावर लांब डबा चालणार नाही, हे घेऊ नका, असं कोणतीही वेबसाईट सांगत नाही. ती उलट 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' म्हणते.

दुकानांची कमजोरीही खरी आहे. मॉडेल रेल्वे ठेवणारी दुकानं महाराष्ट्रात मोजकी, तीही मोठ्या शहरांत. खेळण्यांचं मोठं दुकान म्हणजे हॉबी शॉप नव्हे, तिथे विमानं आणि रिमोटच्या गाड्या असतात, रूळ नसतात. हॉबी शॉपमध्येही हवं ते मॉडेल त्या दिवशी असेल याची खात्री नाही. म्हणून एसटीत बसण्याआधी फोन करावा, वस्तूचं नाव आणि कोड सांगावा, बाजूला काढून ठेवता येईल का ते विचारावं. बहुतेक दुकानदार ठेवतात. दुकानात तासभर गाडी चालवून बघायची, सल्ला घ्यायचा आणि बाहेर येऊन तीच वस्तू मोबाईलवर पाचशे रुपयांनी स्वस्त मागवायची, हे कायद्याने गुन्हा नाही. पण पुढच्या वेळी काही बिघडलं तर त्याच काउंटरवर जायचं असतं.

ऑनलाईन म्हणजे कायमचा भरवसा, असंही नाही. लिव्हरपूलचं हॅटन्स हे १९४६ मध्ये सुरू झालेलं दुकान पुढे ब्रिटनमधल्या सर्वात मोठ्या ऑनलाईन मॉडेल रेल्वे विक्रेत्यांपैकी एक झालं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

एक खेप पुण्याची

काही घेण्याआधी स्केल म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यातल्या कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय गाठावं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. तिथलं छोटं शहर, त्यातले सिग्नल, पूल आणि एकाच वेळी फिरणाऱ्या गाड्या बघितल्या की दोन गोष्टी कळतात. एचओचं इंजिन प्रत्यक्षात तळहाताहून थोडं लांब असतं, आणि रील्समध्ये जे तीस सेकंदांत दिसतं त्यामागे वर्षांचं काम असतं. सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला जाणारच असाल तर त्याच फेरीत हॉबी शॉपही उरकता येतं.

मुंबईला जाणं होणार असेल तर वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभं असलेलं जुनं डब्ल्यूसीजी-१ इंजिन चुकवू नका. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे स्विस बनावटीच्या आराखड्याचं इंजिन आपल्याच कसारा-इगतपुरीच्या घाटात मालगाड्या ओढायचं. रेल्वेतली माणसं त्याला 'खेकडा' म्हणत. त्याचे स्वित्झर्लंडमधले भाऊबंद 'क्रोकोडाईल' म्हणून प्रसिद्ध आहेत आणि मार्क्लिनने त्यांची मॉडेल्स पिढ्यान्‌पिढ्या विकली आहेत. म्हणजे घाटातल्या इंजिनाच्या जवळ जाणारं काहीतरी हवं असेल, तर सर्चमध्ये भारतीय नाव टाकून निराश होण्यापेक्षा स्विस क्रोकोडाईल शोधावं.

बिघडलेला माल आला तर

अनबॉक्सिंगचा व्हिडिओ सोशल मीडियासाठी नाही, पुराव्यासाठी काढा. पार्सलवरचं लेबल, सील आणि आतलं इंजिन एकाच सलग शॉटमध्ये यायला हवं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. वस्तू कोणत्या देशात बनली तेही लिस्टिंगवर द्यावं लागतं. तरी दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

यातला देवळ्याच्या ग्राहकासाठी सर्वात कामाचा बदल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केला. विक्रेता दिल्लीत असो की बेंगळुरूत, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आणि तीही ऑनलाईन दाखल करता येते. परदेशातल्या दुकानाकडून थेट मागवलं असेल तर मात्र ही सगळी हत्यारं जवळजवळ बोथट होतात. परत पाठवायचा खर्च आपला, आणि भरलेलं सीमाशुल्क परत मिळवणं एकट्या ग्राहकासाठी फार किचकट.

आणि देवळ्याच्या बाजारात काय मिळतं?

ऑनलाईन की दुकान या वादात हा तिसरा बाजार राहूनच जातो, आणि लेआउटचा मोठा भाग तर इथूनच येतो. इंजिन, रूळ, सांधे आणि कंट्रोलर सोडले तर टेबलावर दिसणारं बाकी जवळजवळ सगळं गावातच मिळतं.

प्लायवूडची अख्खी शीट आठ बाय चार फुटांची येते. अमेरिकेत एचओचा पहिला लेआउट याच मापावर करायची जुनी पद्धत आहे, कारण १८ इंच त्रिज्येचा गोल चार फुटांच्या रुंदीत बसतो. फर्निचरवाल्याकडून खाली चौकट ठोकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात शीट वाकते आणि रुळांचे सांधे उघडतात. रुळांखाली आवाज दाबायला कॉर्कशीट किंवा जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या चालतात. डोंगरासाठी वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेली गॉज पट्टी. गवतासाठी लाकडाच्या वखारीतला भुसा चाळून हिरव्या रंगात बुडवायचा आणि वाळवायचा. परदेशात हेच 'टर्फ' म्हणून पिशवीत विकतात, आणि त्यावरही शुल्क भरून माणसं ते मागवतात! वायर, सोल्डर, मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचे एलईडी इलेक्ट्रिकच्या किंवा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात मिळतात. सोल्डरिंग येत नसेल तर तोच दुकानदार पाच मिनिटांत शिकवतो.

खडीसाठी लोहोणेरजवळून वाहणाऱ्या गिरणेची वाळू मूठभर पुरते. चहाच्या गाळणीने बारीक आणि जाड वेगळी करायची. मात्र ती थेट रुळांत टाकायची नाही. आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट, त्यात लोहखनिजाचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात आणि गिअरमध्ये जाऊन महागडं इंजिन खातात. वाळू कागदावर पसरायची, जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवायचा. काळी मिशी चिकटून येते. ती येणं थांबेपर्यंत फिरवत राहायचं.

उरतो तो घाट. नाशिक जिल्ह्यात राहून रेल्वे करायची आणि कसारा घाट करायचा नाही, असं कसं? खऱ्या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणून तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्येही साधारण एवढाच चढ छोट्या इंजिनाची हद्द मानला जातो. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला किमान सात सेंटिमीटर उंची लागते. ३७ ने गुणलं तर चढाची लांबी होते २५९ सेंटिमीटर. आठ फुटी प्लायची लांबी २४४. म्हणजे घाट एका सरळ बाजूत मावत नाही, त्याला कोपऱ्यावरून वळवून घ्यावं लागतं. वळणावर चढ आणखी जड जातो, म्हणून तिथे तो थोडा कमी ठेवायचा. हा आराखडा आधी कागदावर काढून त्यातली वळणं मोजावीत. ऑनलाईन असो की दुकान, रुळांचे किती तुकडे घ्यायचे तो आकडा त्या कागदातूनच मिळतो.